गेममध्ये काय मेलं ते नको, काय उरलं ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ११ वर्षांचा, रेटिंग १४८० च्या आसपास, रोज तासभर मोबाईलवर बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टर लोकांचे गेम बघतो, टॅक्टिक्स (दोन-तीन चालींची कोडी) पण सोडवतो, पण स्वतःच्या गेममध्ये ओपनिंगच्या म्हणजे सुरुवातीच्या दहा-बारा चाली संपल्या की हात थांबतो आणि मग कुठलंतरी प्यादं ढकलून मोकळा होतो. मग मोठ्यांच्या गेममधून स्ट्रॅटेजी शिकायची ती नक्की कशी. मी नाशिकमध्ये वीस-बावीस वर्षं पोरांना शिकवतोय, त्याआधी स्वतः स्पर्धा खेळायचो, आणि हा प्रश्न दर महिन्याला एकतरी पालक क्लासच्या दारात चपला घालता घालता विचारतातच. दारात उभं राहून याचं उत्तर होत नाही म्हणून मी "बघू, करून घेऊ" म्हणून सोडून देतो. आज बसून लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

व्हिडिओवर गेम बघताना पोराचे डोळे चालतात, डोकं चालत नाही. चाल पडते, बोलणारा "ब्रिलियंट" म्हणतो, पोरगं मान हलवतं, पुढची चाल. दहा मिनिटांत चाळीस चाली संपतात, ज्यांनी तो गेम खेळला ते चार-पाच तास डोकं धरून बसले होते हो.

आणि आपल्या नाशिकच्या पोरांचा आणखी एक प्रॉब्लेम आहे, तसा गोडच आहे म्हणा. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या गावचा. २०२४ च्या कँडिडेट्समध्ये (वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा) टोरांटोला दुसऱ्याच फेरीत त्याने काळ्या सोंगट्या घेऊन नाकामुराला हरवलं, उंट सरळ एच३ वर फेकला (पटाच्या उभ्या ओळी म्हणजे फाइल, ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव), घरून तयारी करून आणलेली चाल. त्यानंतर दोन महिने माझ्या क्लासमध्ये जो तो उंट उचलून एच३ वर नाहीतर एच६ वर मारत होता. एकाने तर समोरच्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलेलं (म्हणजे राजा त्या बाजूला नेऊन लपवलेला) असताना मारला, म्हणजे राजा पार तिकडे आणि उंट मेला इकडे. का रे मारलास? तर म्हणे विदित दादाने मारला होता.

म्हणून सुरुवात तसल्या गेमने नको. विदितचे, गुकेशचे, प्रज्ञानंदचे गेम नंतर आहेतच. आजच्या टॉपच्या गेममध्ये दोघंही एकमेकांचा प्लॅन सुरू व्हायच्या आधीच ओळखून मोडून काढतात, त्यामुळे १४८० च्या पोराला वाटतं की वीस चाली झाल्या तरी इथे काही घडतच नाहीये. जुना गेम घ्या, जिथे एकाचा प्लॅन दुसऱ्याला वेळेत दिसला नाही आणि तो शेवटपर्यंत पटावर उमटला.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी पोरांकडून गेम पाठ करून घ्यायचो, पाढ्यांसारखे. महिन्याला वीस गेम. एक पोरगी होती, तिला चाळीसेक गेम तोंडपाठ होते, पट न बघता घडाघडा सांगायची, आईवडील खूश, मी पण खूश. मग तिच्याच एका स्पर्धेत मी मागे उभा होतो, तिने आपला पटावरचा सगळ्यात चांगला उंट कोपऱ्यात पडलेल्या घोड्याला देऊन टाकला, उंट तीन पॉइंट, घोडाही तीन, तीनला तीन, हिशोब बरोबर, आणि पुढच्या पंचवीस चाली नुसती बचाव करत राहिली आणि हरली. बाहेर आल्यावर विचारलं उंट का दिलास, तर म्हणाली सर, सेम पॉइंट्स होते ना. तेव्हा माझी ट्यूब पेटली की मी हिला चाली शिकवल्या, पण मारामारी झाल्यावर पटावर काय शिल्लक राहतं ते बघायला शिकवलंच नाही.

तेव्हापासून मी कुठलाही गेम दाखवताना एकाच गोष्टीवर हातोडा मारतो. प्रत्येक मारामारीनंतर थांबायचं आणि बाहेर काढलेल्या सोंगट्यांकडे बघायचंच नाही, पटावर उरलेल्यांकडे बघायचं. कोण कामावर आहे, कोण झोपलंय, कुणाला अडवणारं आता कोणी नाही. बास. स्ट्रॅटेजी स्ट्रॅटेजी म्हणतात त्यातलं निम्म्याहून जास्त यातच येतं असं माझं मत आहे, बाकीचे कोच वेगळं सांगतील, सांगू देत.

यासाठी माझा पहिला गेम ठरलेला आहे, कापाब्लांका विरुद्ध तार्ताकोवर, न्यूयॉर्क १९२४. शंभर वर्षं झाली या गेमला. कापाब्लांका तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन, आणि आदल्याच फेरीत रेतीकडून हरला होता, आठ वर्षांत पहिल्यांदा हरला होता. पोरांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण एक गेम हरलं की पुढचे तीन हरायची आपल्याकडे पद्धतच आहे.

ओपनिंग डच डिफेन्स, त्यात मी वेळ घालवत नाही, बाराव्या चालीपर्यंत पटापट जातो. तिथे काळ्याने म्हणजे तार्ताकोवरने आपला बी७ वरचा उंट देऊन एफ३ वरचा घोडा मारला. इथे पहिला ब्रेक. पोरं म्हणतात तीनला तीन. बरं, उरलं काय? पांढऱ्याकडे डी३ वर पांढऱ्या घरांचा उंट आहे आणि त्याच्यासमोर उभा राहील असा काळ्याचा उंट आत्ताच पटावरून गेला. म्हणजे पांढरी घरं आता या एकाच उंटाची जहागीर. काळ्याकडे घोडा उरला. काळा अगदीच वेडा नव्हता हां, पांढऱ्याची सी फाइलमधली प्यादी डबल म्हणजे एकामागे एक झालेली होती, सी४ आणि सी३, तार्ताकोवरचा विचार असा की घोडा ए५ ला नेऊन सी४ चं प्यादं धरायचं. हा विचारही पोराकडून वदवून घ्यायचा. हरणाऱ्याचा प्लॅन काय होता हे कळल्याशिवाय जिंकणाऱ्याचं कौतुक करण्यात काही अर्थ नाही, नाहीतर पोराला वाटतं समोरचा मूर्ख होता म्हणून हरला.

मग पुढे ई फाइलमध्ये थोडी ढकलाढकली होते, ती सोडून देतो. माझी आवडती जागा आहे चाल २१, २२, २३. पांढरा खेळला जी३, मग राजा जी२, मग एच४. व्हिडिओवाले या तीन चाली तीन सेकंदांत उरकतात कारण यात ना शह आहे ना कुणी कुणाला मारतंय. मी इथे पंधरा मिनिटं थांबतो. राजा जी२ ला का आणला? शंभर टक्के पोरं सांगतात "सेफ्टी सर". ठीक आहे, लिहून ठेव वहीत, सेफ्टी. पुढे जाऊ.

चाल २३ ला काळ्याने डी५ खेळलं, प्यादी मारली गेली, आणि २५-२६ मध्ये वजीर गेले, हत्तीची एक जोडी पण गेली. पट एकदम रिकामा. आता परत ब्रेक, आणि हा मोठा ब्रेक, कारण गेमचं मर्म इथे आहे. मोजा. पांढऱ्याकडे राजा जी२, हत्ती ए१, उंट डी३, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी३, एच४. काळ्याकडे राजा ई८, हत्ती एफ७, घोडा ए५, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, जी६, एच७. सहाला सहा. पोरं म्हणतात ड्रॉ. थोडी हुशार पोरं म्हणतात उलट काळा बरा, पांढऱ्याचं सी३ कच्चं आहे, ए४ कच्चं आहे.

मग मी विचारतो, कोण कामावर आहे? काळ्याचा घोडा ए५ ला पटाच्या काठावर. पांढऱ्याचा उंट डी३ वरून जी६ च्या प्याद्याकडे डोळे लावून बसलाय, जी६ पांढरं घर, आणि काळ्याकडे त्या रंगाचा उंट नाही, तो बाराव्या चालीला स्वतःच देऊन बसलाय. आणि पांढऱ्याचा हत्ती? ए१ ला. हा हत्ती गेमच्या सुरुवातीपासून जागचा हललेलाच नाही. पोरं हसतात, म्हणतात मग हाच झोपलाय सर.

हो ना. आणि मग पांढरा खेळतो एच५. पुढे एच फाइलमधली प्यादी जी६ वर मारली जातात आणि फाइल मोकळी होते, आणि चाल २९ ला तो झोपलेला हत्ती ए१ वरून एका दमात एच१ ला येतो, तिसाव्या चालीला एच७. सातव्या ओळीत. गेमभर झोपून राहिलेला माणूस दोन चालींत पटावरचा सगळ्यात भारी झाला. आता वही उघड, राजा जी२ समोर काय लिहिलंस? सेफ्टी. राजा जी१ ला असता तर हत्तीला एच१ ला जायला रस्ता होता का? इथे जो आवाज निघतो ना पोरांच्या तोंडून, "ओऽऽ", त्याच्यासाठी मी हा गेम दरवर्षी घेतो. बाविसाव्या चालीचं एक काम एकोणतिसाव्या चालीला कळलं. कापाब्लांकाने हे सगळं आधीच बघून ठेवलं होतं का, तेवढं कोणी छातीठोक सांगू नये, पण एच फाइल कधीतरी हवी आहे एवढं त्याच्या डोक्यात नक्की होतं, नाहीतर एच४ कशाला खेळला असता.

आता काळा पण गप्प बसत नाही. त्याने हत्ती सी६ ला आणला, सी३ च्या कच्च्या प्याद्यावर. आपलं पोरगं काय करेल? प्यादं वाचवेल. हत्ती परत खाली आणून बसवेल राखणीला. कापाब्लांका खेळला जी४, मग जी५. सी३ कडे बघितलं पण नाही. काळ्याचा घोडा सी४, मग ई३ ला येऊन शह, मग एफ५ ला जाऊन बसला, आता मात्र घोडा मस्त जागेवर, मधोमध. आणि इथे चाल ३४, पांढऱ्याने आपला तो पांढऱ्या घरांचा राजा असलेला उंट या घोड्याला देऊन टाकला. उंट मारतो एफ५, काळं प्यादं जी६ वरून परत मारतं.

माझ्या त्या चाळीस गेमवाल्या पोरीने पण चांगला उंटच दिला होता. मग फरक काय? हाच प्रश्न मी विचारतो, आणि याचं उत्तर पोराने स्वतः शोधेपर्यंत मी पुढची चाल उघडत नाही, एकदा चक्क तास संपला आणि घरी पाठवलं तसंच. फरक असा की तिने दिला तो कोपऱ्यात पडलेल्या घोड्याला, ज्याचा तसाही काही उपयोग नव्हता. कापाब्लांकाने दिला तो काळ्याच्या एकमेव कामाच्या सोंगटीला. आणि उरलं काय? काळ्याचं जी६ चं प्यादं एफ५ ला सरकलं, त्यामुळे पांढऱ्याचं जी५ चं प्यादं पास्ड झालं, त्याला अडवायला समोर आणि आजूबाजूला आता कोणी नाही. पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीत, काळ्याचा राजा आठव्या ओळीत कोंडलेला. उंटाने आपलं काम करून निरोप घेतला असं समजा.

आणि मग ती चाल. पांढऱ्याचा राजा एफ३ वर आहे, सी३ चं प्यादं लटकलंय. चाल ३५, राजा जी३. प्यादं दिलं, तेही शह घेऊन दिलं. हत्ती मारतो सी३ शह, राजा एच४. काळा हत्ती एफ३ ला येऊन एफ४ च्या प्याद्यावर. पांढरा जी६. काळ्याने एफ४ पण मारलं, परत शह. राजा जी५. पोरांना इथे मोजायला लावा, पांढऱ्याकडे तीन प्यादी, काळ्याकडे पाच. दोन प्यादी कमी, वर्ल्ड चॅम्पियन, आणि जिंकतोय.

राजाची वाट बघा जरा. जायचंय एफ६ ला, पण सरळ वर जाता येत नाही, एफ४ वर स्वतःचंच प्यादं, ई४ आणि जी४ ही घरं काळ्याच्या एफ५ प्याद्याने धरलेली. म्हणून जी३, एच४ असा वळसा, आणि जी५ वर परत आपलंच प्यादं बसलेलं, तर ते जी६ ला ढकललं आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या घरात राजा गेला. एका चालीने प्यादं पण पुढे, राजाला रस्ता पण मोकळा. मग ३९ ला राजा एफ६. एफ५ चं काळं प्यादं मारता येत होतं, मारलं नाही. का? ते प्यादं तिथे आहे म्हणून काळ्या हत्तीला एफ फाइलमधून शह देता येत नाही. समोरच्याचंच प्यादं राजाच्या डोक्यावरची छत्री झालं. आणि राजा एफ६ ला आला की हत्ती एच८ ने सरळ मात आहे, म्हणून काळ्या राजाला पळावं लागतं, जी८, मग एच८ च्या कोपऱ्यात. तिथून मग पांढऱ्याने वसुली सुरू केली, ४१ ला सी७, ४२ ला एफ५ (आता छत्रीचं काम संपलं), ४६ ला ए७, ४७ ला डी५. सात चालींत चार प्यादी. ५२ व्या चालीला काळ्याने सोडून दिलं.

आता सगळ्यात मोठा धोका. हा गेम बघितल्यावर पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये पोरं राजा घेऊन फिरायला निघतात, पटावर दोन्ही वजीर असताना. विदितच्या उंटाचं झालं तेच. म्हणून शेवटचा प्रश्न नेहमी असा विचारायचा: कोण गेल्यामुळे हे शक्य झालं? इथे वजीर गेले म्हणून. वजीर पटावर असता तर राजा एच४ ला जाऊन उभा राहिला असता का? दोन चालींत मात झाली असती. म्हणजे "एंडगेममध्ये राजा बाहेर काढा" हे वाक्य पाठ करून उपयोग नाही, २५-२६ व्या चालीला वजीर पटावरून उतरले तेव्हा राजाची नोकरी बदलली, हे पोराला दिसलं पाहिजे. कापाब्लांकाने वजिराला वजीर देऊन टाकले तेव्हा तो ड्रॉकडे चाललेला नव्हता.

मध्ये एक गंमत सांगतो. पिंपळगावकडचा एक मुलगा यायचा, वडिलांची द्राक्षबाग, त्यांना बुद्धिबळातलं घोडा अडीच घरं चालतो एवढंच माहीत. पोराला न्यायला आले आणि मागे बसून ऐकत होते. मी विचारलं की दोन प्यादी का सोडली असतील, पोरं गप्प, आणि मागून आवाज आला, "विरळणी केली ना सर." घडातले मणी सगळे ठेवले तर एकही मोठा होत नाही, काढावेच लागतात, आणि काढताना खाली किती पडले ते बघत बसलं तर हात चालत नाही, वर जे राहिले त्यांच्याकडे बघायचं. मी त्यांना म्हटलं काका, तुम्हीच घ्या उरलेला तास. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये असा प्यादं सोडून फायदा घेण्याला पोरं विरळणीच म्हणतात, बाहेरच्या गावच्या स्पर्धेत समोरच्याला कळत नाही हे काय बोलताहेत.

याच्या जोडीला दुसरा गेम हवा असेल तर फिशर विरुद्ध पेट्रोसियन, १९७१, ब्यूनोस आयर्स, मॅचचा सातवा गेम. तिथे एकच जागा बघा, चाल २२. फिशरचा घोडा सी५ ला, इतका सुंदर बसलेला की फोटो काढून भिंतीवर लावावा, आणि त्याने तो डी७ वरच्या पेट्रोसियनच्या रद्दी उंटाला देऊन टाकला. चांगलं देऊन वाईट घेतलं. पोरगं म्हणेल चूक आहे. मग २३, २४ बघा, हत्ती सी१, हत्ती सी७. सी फाइल मोकळी, हत्ती आत. थोड्या वेळाने दुसरा हत्ती पण सातव्या ओळीत, ३४ चालींत गेम खलास. त्या रद्दी उंटाचं काम दिसायला काही नव्हतं पण तो आतल्या घरांची राखण करत होता, आणि घोडा स्वतःच सी फाइलमध्ये आपल्या हत्तीची वाट अडवून बसला होता. हा गेम पहिल्याच्या आधी दाखवू नका, पोरं "वाईट घ्या चांगलं द्या" असा भलताच नियम करून बसतात.

आता घरी करायचं कसं. मोबाईल नाही, लाकडी नाहीतर प्लास्टिकचा खरा पट, साधा दोनशे पानी वहीचा जाडा पुठ्ठा घ्या आणि छापील चालींवर तो ठेवून एक एक ओळ खाली सरकवा. एक गेम आठवडाभर. हो, आठवडाभर, रोज अर्धा तास. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसवा, पुढची चाल पोराने आधी सांगायची आणि कारण एका वाक्यात मराठीत लिहायचं, "इम्प्रूव्ह पोझिशन" वगैरे लिहिलं तर खोडून टाका, ते कारण नव्हे. "हा हत्ती झोपलाय, याला एच फाइल पाहिजे" हे कारण. चाल चुकली तरी चालेल, माझी स्वतःची पण दहातली पाच-सहाच जुळतात, कापाब्लांका आहे तो. कारणं जुळायला लागली की समजायचं डोकं चालायला लागलं. प्रत्येक चालीला हा उद्योग करू नका, पोरगं कंटाळून पळून जाईल. मारामारी झाली की थांबा, आणि जिथे काहीच घडत नाही असं वाटतं तिथे थांबा. बाकी सरळ पुढे.

इंजिन, म्हणजे कोण किती बरं आहे ते आकड्यात सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, शेवटच्या दिवशी. हे मी फार कडकपणे पाळतो कारण आजकाल पोरं विचारलं कोण बरं आहे तर "प्लस पॉइंट एट" असं उत्तर देतात. अरे पण का? तर गप्प. माझ्या क्लासच्या लॅपटॉपला स्क्रीनच्या डाव्या कडेला मी रंगाऱ्याची पांढरी पट्टी चिकटवून ठेवलीये, तो आकड्याचा पट्टा दिसू नये म्हणून, पोरं तिला पडदा म्हणतात. इंजिनचा उपयोग आहेच, शंभर वर्षांपूर्वीच्या गेममध्ये काळ्याने कुठे जास्त टिकाव धरला असता ते ते दाखवेल, आणि ते बघायलाही मजा येते, पण आधी पोराचं मत वहीत उतरलेलं असलं पाहिजे, नाहीतर इंजिनशी भांडायला त्याच्याकडे काही उरतच नाही.

स्वतःचे हरलेले गेम पण याच पद्धतीने. शनिवार-रविवारच्या स्पर्धेतून आला की कुठे चूक झाली ते विचारू नका, तो चिडलेला असतो. पहिली मारामारी कितव्या चालीला झाली आणि त्यानंतर तुझं काय उरलं एवढंच विचारा, स्कोअरशीटवर त्या चालीला गोल करायला सांगा. चार स्पर्धांची स्कोअरशीटं एकत्र ठेवली की बहुतेक वेळा एकच सवय परत परत दिसते. एखादा कायम उंट देतो कारण त्याला घोड्याची भीती वाटते, एखादा शांत पोझिशन सहनच होत नाही म्हणून वजीर काढून टाकतो. माझ्याकडच्या एकाचं असं निघालं की तो घड्याळात दहा मिनिटं राहिली की जे मारता येईल ते मारत सुटायचा, म्हणजे प्रॉब्लेम स्ट्रॅटेजीचा नव्हताच, वेळेचा होता. तुमच्या मुलाचं काय निघेल मला इथून सांगता येणार नाही.

किती दिवसांत फरक पडेल हेही विचारलंय तुम्ही. रेटिंगमध्ये म्हणाल तर लगेच नाही, उलट पहिले एक-दोन महिने पोरगं जास्त विचार करायला लागतं आणि वेळेत अडकतं, थोडं खाली पण येईल, तेव्हा घाबरून कोच बदलू नका. मी फरक दुसरीकडे बघतो. पोरगं मारायला हात उचलतं आणि हवेतच थांबतं, परत खाली ठेवतं. तो थांबलेला हात दिसला की मी पालकांना सांगतो आता महिनाभर काही विचारू नका मला. (सोंगटीला हात लागायच्या आधी थांबायला शिकवा पण, स्पर्धेत हात लावला की ती खेळावीच लागते.)

आज रात्रीच सुरू करायचं असेल तर आख्खा गेम नकोच. वर लिहिलेली २६ व्या चालीनंतरची पोझिशन मांडा, सहाला सहा प्यादी वाली, राजा जी२, हत्ती ए१, उंट डी३ आणि समोर राजा ई८, हत्ती एफ७, घोडा ए५. चाल पांढऱ्याची. कापाब्लांका काय खेळला ते मुलाला सांगू नका. पांढरं त्याला द्या, काळं तुम्ही घ्या, सी३ वर हत्ती आणून त्याला प्याद्याचा लोभ दाखवा आणि तो काय वाचवतो ते बघा. मग बाजू बदलून परत.